मासा आजारी पडण्याआधी पाणी आजारी पडतं

माझं सासर लातूरचं, माहेर नांदेडचं, आणि दोन्ही घरांत माशांच्या काचेच्या टाक्या आहेत. त्यामुळे गल्लीतली मुलं, भाचरं, त्यांचे मित्र, कुणाच्या टाकीचं काही बिनसलं की माझ्याकडे येतात. तक्रारी फिरून फिरून दोनच. पाणी पांढरं झालंय, नाहीतर मासे मरायलेत. औषधाचं नाव विचारायला आलेले असतात. मी आधी पाण्याची चौकशी करते, कारण मराठवाड्याचं पाणी वेगळं आहे. बोअरचं असेल तर क्षाराचं आणि जड, नळाचं असेल तर टाकीत साठवलेलं, आणि मार्चपासून पुढे तापलेलं. माशांबद्दलचे बहुतेक सल्ले दुसऱ्याच हवामानातल्या, दुसऱ्याच पाण्यासाठी लिहिलेले असतात. इथल्या पाण्यात काय उपयोगी पडलं, ते सांगते.

१. पांढरं झालेलं पाणी ओतून देऊ नका.

समोरच्या घरातला मुलगा एकदा धावत आला.

"काकू, कालच टाकी धुतली अन् आज पाणी दुधावाणी झालंय. समदं बदलून टाकू का?"

"धुतली म्हणजे काय काय केलंस?"

"रेती धुतली, स्पंज नळाखाली पिळला, पाणी पूर्ण नवं भरलं."

"मग आता हात लावू नकोस. दाणे निम्मे कर, हवेची मोटर रात्रंदिवस चालू ठेव."

"मरतील की हो मासे!"

"मी रोज येऊन बघते."

पाणी आपोआप निवळलं. साधारण आठवड्याभरात ते निवळतंच. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेले दाणे कुजूनही अमोनियाच होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्याच प्रमाणापर्यंत मासे सोसतात. हे दोन्ही जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजात, रेतीवर, काचेवर चिकटून राहतात, आणि त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाखाली पिळला की नळातलं क्लोरीन ती वस्ती मारतं. मग भराभर वाढणारे दुसरेच जिवाणू मोकळ्या पाण्यात माजतात आणि पाणी दुधाळ दिसतं. तेच पाणी पुन्हा ओतलं तर सगळा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. स्पंज पिळायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा. वास मारत असेल, किंवा मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर मात्र चौथा हिस्सा पाणी लगेच बदलावं.

सगळं गढूळ पाणी एकसारखं नसतं. स्वच्छ काचेच्या पेल्यात टाकीतलं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा. रात्रभर ठेवून सकाळी तळाशी गाळ बसला तर ती न धुतलेल्या रेतीची धूळ. हिरवट झाक दिसली तर शेवाळ, म्हणजे टाकीवर ऊन पडतंय. चहासारखा रंग असेल तर लाकडाच्या ओंडक्यातून उतरलेला रस, त्यानं काही बिघडत नाही. गाळ बसत नाही, रंगही नाही, नुसतं धुकं आहे, तेव्हा जिवाणू समजावे. हिरव्या पाण्याला तीन-चार दिवस टाकीभोवती जाड चादर गुंडाळून अंधार करावा. मरणारं शेवाळ प्राणवायू ओढून घेतं, म्हणून त्या दिवसांत हवेची मोटर बंद पडता कामा नये.

२. दर आठवड्याला एक बादली बदलली तर वर्षभर पूर्ण टाकी उपसावी लागत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ छप्पन्न लिटरच्या आसपास पाणी मावतं. चौथा हिस्सा म्हणजे जेमतेम एक बादली. महिन्यातून एकदा टाकी पूर्ण उपसणारा माणूस तेवढंच पाणी वापरतो आणि जिवाणूंची वस्ती दर महिन्याला उद्ध्वस्त करतो.

लातुरात हा हिशेब नुसता माशांचा राहत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' गाडी आली. दहा वॅगन, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वॅगनची गाडी यायला लागली. लोक रात्र रात्र घागरी लावून बसत असताना घरात काचेची टाकी ठेवावी का, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि मी तो टाळला नाही. मोठे गोल्डफिश नांदेडला भावाकडे पाठवले. गोल्डफिश खूप घाण करतो, त्याला पाणी खूप लागतं. गप्पी तेवढे ठेवले. टाकीतून काढलेली बादली मोरीत न ओतता तुळशीला आणि कढीपत्त्याला घातली. त्या पाण्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खत म्हणून लागू पडतं. आज पाणी बरं असलं तरी आमच्याकडे ती बादली झाडांनाच जाते.

३. तुरटी फिरवू नका.

आपल्याकडे गढूळ पाणी दिसलं की हात तुरटीकडे जातो. पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि पिण्याच्या पाण्याला ते ठीकच आहे. माशांच्या टाकीत तुरटीनं पाणी तासाभरात काचेसारखं दिसतं, म्हणूनच ती धोक्याची. तुरटी पाण्यातला क्षारांचा आधार खाते आणि सामू खाली ओढते. माती परीक्षणाच्या कागदावर सामू म्हणून जो आकडा असतो, तोच हा. तो एकाएकी घसरला की मासे सोसत नाहीत. तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा कल्ल्यांना त्रास होतो तो वेगळाच. अमोनिया मात्र होता तसाच राहतो, कारण तुरटीला तो पकडता येत नाही. पाणी स्वच्छ दिसतं आणि आत विष तेवढंच असतं.

४. नळाला पाणी आलं त्याच दिवशी ते टाकीत भरू नका.

लातूरला नळ रोज येत नाही. येतो तेव्हा सगळं घर भरून घेण्याच्या गडबडीत असतं, आणि त्याच गडबडीत माशांची टाकीही भरली जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. माणसाच्या तब्येतीसाठी ते हवंच. माशाच्या कल्ल्यांना याच्या निम्मंही पुष्कळ होतं. पावसाळ्यात नद्यांना गढूळ पाणी येतं तेव्हा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं प्रमाण वाढवलं जातं. नांदेडला विष्णुपुरीतून येणाऱ्या पाण्याला जुलै-ऑगस्टात कधी कधी नळ उघडताच वास येतो. त्या आठवड्यात माहेरहून हमखास फोन येतो.

उघड्या बादलीत चोवीस तास पाणी ठेवलं, किंवा हवेची नळी सोडून रात्रभर बुडबुडे दिले, की क्लोरीन उडून जातं. झाकण लावलेल्या काळ्या टाकीत ते लवकर उडत नाही. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारं औषध थेंबाच्या बाटलीत मिळतं, त्यात बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं. खात्री करायची सोपी रीत ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे असते. तो ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब नळीतल्या पाण्यात टाकून बघतो, पिवळं झालं की क्लोरीन आहे. मी त्याच ओटीची बाटली घरात ठेवते, आणि पिवळं झालेलं पाणी टाकीच्या जवळ नेत नाही.

५. आपल्या पाण्याला मानवतील तेच मासे आणा.

निम्मी आजारपणं इथंच टळतात. निऑन टेट्रा दिसायला सुरेख, पण तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आंबट पाण्यातला. आपल्या काळ्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात त्याचा जीव सतत ताणलेला राहतो, आणि ताणलेल्या माशाला कुठलाही रोग आधी गाठतो. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मात्र जड पाणीच आवडतं. गप्पी तर आरोग्य विभागाची माणसं डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत सोडतात, आणि ते तिथं बिनतक्रार वाढतात.

टाकीतलं पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात. पाण्याच्या रेघेवर काचेला पांढरा थर धरतो, तो हाच. कमी झालेल्या पाण्याची नुसती भर बोअरनं घालत राहिलं तर महिनोन्‌महिने पाणी जडच होत जातं. भर घालणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरओचं पाणी निम्मं मिसळलं तर चालतं. निव्वळ आरओचं चालत नाही, त्यात सामू धरून ठेवणारे क्षारच नसतात.

६. मासे एकदम पडले की एकेक करून, हे आधी विचारा.

काल संध्याकाळपर्यंत बरे असलेले सगळे मासे सकाळी वर येऊन धापा टाकत असतील तर ते पाणी आहे. क्लोरीन, अमोनिया, नायट्राइट, नाहीतर प्राणवायू कमी. तिथं औषधाची बाटली उघडण्यात वेळ घालवू नये. मुरलेलं पाणी तयार असेल तर तिसरा हिस्सा बदलावा, मोटर जोरात करावी, दाणे बंद. नायट्राइटचा संशय असेल तर लिटरला एक ग्रॅम साधं जाडं मीठ विरघळवून घालावं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतं.

चार दिवसांत एक, मग आठवड्यानं दुसरा, आणि दुसऱ्याच्या अंगावरही तेच चिन्ह, तेव्हा रोग समजावा. पर मिटून कोपऱ्यात बसणं, दगडाला अंग घासणं, विष्ठेची पांढरी दोरी लोंबणं, परांच्या कडा कुरतडल्यासारख्या होणं, ही लक्षणं दाणे टाकताना दिसतात. म्हणून दाणे टाकून पाठ फिरवू नये, दोन मिनिटं उभं राहून बघावं. पोट फुगून खवले पाइनॅपलच्या सालीसारखे उभे राहिले असतील तर तो मासा क्वचितच वाचतो. त्याला वेगळं काढावं आणि त्याच्यासाठी अख्ख्या टाकीत औषध ओतू नये.

लातूर जिल्ह्याला एक मोठी सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. जाणकाराला दाखवायचं असेल तर मेलेला मासा नेऊ नका, काही तासांत त्याच्या अंगावरून काहीच कळेनासं होतं. जिवंत आजारी मासा न्यावा आणि टाकीतलं पाणी वेगळ्या बाटलीत सोबत न्यावं.

७. मे महिन्यात माशाला औषध नको, हवा हवी.

नांदेड लातूरपेक्षा सखल, आणि तापतंही जास्त. २५ अंशाला लिटरभर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३५ अंशाला जेमतेम ७. उष्णतेनं माशाचा श्वास मात्र वाढतो. त्यात अमोनियाही उन्हाळ्यात जास्त मारक होतो. सामू ७ आणि पाणी २५ अंश असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग खऱ्या विषाच्या रूपात असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, आणि पाणी ३० अंशाचं झालं की साडेसातच्या घरात. आपल्या बोअरच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असणं नेहमीचंच. एखाद्या व्हिडिओत चालवून घेतलेला अमोनिया आपल्याकडे मे महिन्यात मारतो, तो असा.

दुपारी लाइट जाते तेव्हा तर खरी कसोटी. पेन्सिल सेलवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच. तो नसेल तर मगानं पाणी वर उचलून वीतभर उंचावरून पुन्हा टाकीतच सोडत राहावं. माझ्या वहिनीनं भर दुपारी असं करून अख्खी टाकी वाचवली होती, दोन्ही भाचे आळीपाळीनं मग धरून उभे होते. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. पाण्याची बाटली गोठवून ती तरंगत सोडावी आणि वरचं झाकण काढून पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा. ऊन उतरेपर्यंत दाणे नकोत.

८. पांढरे ठिपके आले तर ठिपके गेल्यावरही थांबू नका.

डिसेंबरात लातूरच्या रात्री चांगल्याच गार होतात, दिवस मात्र उबदार. लहान टाकीचं पाणी या हेलकाव्याबरोबर वरखाली होतं आणि माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके येतात. हा एक परजीवी आहे. ठिपका असतो तोवर तो माशाच्या कातडीखाली असतो, तिथं औषध पोचत नाही. मग तो गळून तळाशी जातो, तिथं फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि नवा मासा शोधतात. मासा दोन-एक दिवसांत सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. २५ अंशाच्या पाण्यात हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो, गार पाण्यात कितीतरी लांबतो. म्हणून हीटरनं पाणी हळूहळू २९-३० अंशांवर न्यावं, लिटरला दोन ग्रॅम मीठ दोन दिवसांत थोडं थोडं करून द्यावं, मोटर वाढवावी आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हेच चालू ठेवावं. मीठ उडून जात नाही, म्हणून बादली बदलाल तेव्हा त्या बादलीपुरतंच पुन्हा घालावं. बिनखवल्यांच्या माशांना आणि पाणवनस्पतींना एवढं मीठ सोसत नाही, ते आधी बाजूला काढावेत.

हीटरसाठी लिटरला एक वॅट हा अंदाज पुरतो. पाण्यात हात घालण्याआधी त्याचं बटण बंद करा, आणि मुलांनाही ती सवय लावा.

९. टाकीत कॅप्सूल फोडू नका.

टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत घालण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे औषध धरून ठेवतं आणि त्याचा जोर घालवतं. म्हणजे आपल्या पाण्यात रोगावर ते नीट चालत नाही, उलट जे चांगले जिवाणू आहेत त्यांना धक्का बसू शकतो आणि उरलेलं औषध गटारात जातं. तेच औषध माणसांनाही लागतं. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, बुरशीवर चांगलं, पण तेही वेगळ्या टबात द्यावं. वीस लिटरचा पाण्याचा जार वरून कापला की आजारी माशाची खोली तयार होते. एक स्पंज फिल्टर कायम मोठ्या टाकीतच ठेवावा, गरज पडली की तोच उचलून जारमध्ये लावावा, म्हणजे जिवाणू आयते मिळतात.

त्याच जारमध्ये नवा मासाही तीन-एक आठवडे राहावा. हैदराबादहून रातोरात बसनं आलेल्या पिशवीत माशाच्याच श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यामुळे सामू उतरलेला आणि अमोनिया निष्प्रभ झालेला असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून अशी पिशवी उघडी करून तासभर ताटकळत ठेवू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून उष्णता सारखी करावी, मग उघडून मासा जाळीनं उचलून सोडावा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

१०. गावाला जाताना दाण्याचा डबा शेजाऱ्यांकडे देऊ नका.

धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. शेजारी मायेनं चिमूटभरऐवजी मूठभर टाकतात, दाणे कुजतात, आणि लग्नाहून परत यावं तर पाणी पांढरं. मी वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या बांधते, एका पुडीत दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे, वर वार लिहिलेला. मंगळवार, शुक्रवार, बस्स. डबा कपाटात कुलूपबंद.

११. नको झालेले मासे नदीत सोडू नका.

घर बदलताना, टाकी फुटल्यावर, किंवा मासा आजारी पडून बघवत नाही म्हणून लोक तो गोदावरीच्या घाटावर नेऊन सोडतात. दयेपोटीच करतात. पण काच साफ करायला आणलेला सकर मासा आज उजनीच्या धरणात कोळ्यांच्या जाळ्यात येतोय, अंगावरच्या कठीण कवचानं जाळी फाडतोय, आणि त्याला कुणी विकत घेत नाही. आजारी माशाबरोबर त्याचा रोगही पाण्यात उतरतो. दुकानदार बहुतेक वेळा सुदृढ मासे परत घेतात. नाही घेतले तर मी घेते, लातुरातल्या कितीतरी घरांचे मासे आमच्या ओसरीवरच्या सिमेंटच्या हौदात आहेत. मरू घातलेल्या माशासाठी लवंगेचं तेल कोमट पाण्यात नीट हलवून टबात मिसळतात. कमी पडलं तर मासा नुसता गुंगतो आणि पुन्हा शुद्धीवर येतो, म्हणून पुरेसं घालावं आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही बराच वेळ त्याला त्याच पाण्यात राहू द्यावं. मग तो झाडाखाली पुरावा.